काळ्या जमिनीत हिरवा ॲस्परॅगस : समुद्रपूर तालुक्यातील (जि. वर्धा) प्रकल्प नोंदी

१८ मे २०२२

विहिरीच्या वरच्या अंगाचा अर्धा एकर तुकडा ॲस्परॅगससाठी, म्हणजे कोवळे कोंब भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या बहुवर्षायू पिकासाठी, राखून ठेवला. जमीन खोल काळी आहे, चिकणमाती निम्म्याहून अधिक आहे, सामू (पीएच) ८.१ आहे आणि चुनखडीचे खडे हाताला लागतात. उन्हाळ्यात या वावरात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात झड लागली की आठवडाभर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही. अशा जमिनीत हे पीक घेऊ नये, असे बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेले असते, कारण ती पांढरा ॲस्परॅगस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. पांढऱ्या कोंबावर मातीचा उंच वरंबा चढवून त्याला अंधारात वाढवावे लागते, आणि सरळ, निष्कलंक कोंब मातीतून वर यायचा तर ती माती वाळूसरच हवी. हिरवा कोंब मात्र उजेडात वाढतो. त्याला मातीचा वरचा थोडासा थर भेदावा लागतो आणि उरलेली सगळी वाढ हवेत होते. त्यामुळे भारी जमिनीत हिरव्या ॲस्परॅगसची खरी अडचण मातीचा भारीपणा ही नसून गड्ड्याभोवती थांबणारे पाणी ही आहे, अशी माझी धारणा आहे. या प्रकल्पात पडताळून पाहायचे आहे ते एवढेच.

गड्डा म्हणजे जमिनीखालचे आडवे खोड आणि त्याला फुटलेल्या जाड साठवण मुळ्या. हा गड्डा एकदा लावला की नीट सांभाळल्यास १० ते १५ वर्षे त्याच जागी राहतो. कापूस किंवा सोयाबीन असते तर यंदा चुकलेली मशागत पुढल्या वर्षी सुधारता आली असती. इथे लावणीनंतर खाली नांगर घालताच येत नाही. म्हणून पहिली संपूर्ण खरीप फक्त जमिनीच्या तयारीला द्यायची ठरवली आहे.

१९ मे २०२२

निचऱ्याची चाचणी घेतली. तुकड्याच्या तीन भागांत ४५ सेंटिमीटर खोल खड्डे काढून ते पाण्याने भरले, पाणी जिरल्यावर पुन्हा भरले आणि दुसऱ्या वेळच्या जिरण्याकडे लक्ष ठेवले. पहिल्या वेळचे जिरणे फसवे असते, कारण कोरड्या काळ्या मातीच्या भेगाच पाणी पिऊन टाकतात; माती फुगून भेगा मिटल्यावर तिचा खरा स्वभाव कळतो. वरच्या दोन खड्ड्यांतले पाणी रात्रीतून उतरले. नाल्याकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र आज सकाळीही पाणी होते आणि तळाशी हात घातल्यावर गुळगुळीत, निळसर छटेची माती लागली. हवेविना राहिलेल्या मातीची ती खूण आहे. तो कोपरा वगळला असून तिथे वैरण पेरायची आहे.

२८ मे २०२२

सबसॉयलर, म्हणजे खोल जाणाऱ्या फाळाचे अवजार, चालवला. माती हाडासारखी कोरडी असतानाच हे काम करावे लागते, कारण तेव्हाच खालचा घट्ट थर तडकून मोकळा होतो. ओल्या मातीत तोच फाळ बाजूची माती लिंपून काढतो आणि निचरा उलट बिघडतो. त्यानंतर आडवी नांगरट करून ढेकळे उन्हात तापू दिली. हरळी आणि कुंद्याच्या काशा बायांनी दोन्ही वखरण्यांमागे वेचून धुऱ्यावर जाळल्या. बहुवर्षायू पिकात बहुवर्षायू तण राहिले तर पुढे गड्ड्याला धक्का न लावता ते काढणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून या वेचणीच्या मजुरीत हात आखडता घेतला नाही.

४ जून २०२२

गावातून सर्वांत जास्त येणारा सल्ला म्हणजे वाळू टाका. त्याचा हिशेब मांडून पाहिला. एक एकराचा केवळ १५ सेंटिमीटरचा थर धरला तरी माती ६०० घनमीटरच्या पुढे जाते, आणि तेवढ्याच मापाची वाळू मिसळायची तर २०० ब्रासहून अधिक लागेल. खर्च बाजूला ठेवला तरी नदीतून एवढी वाळू उपसणे मनाला पटत नाही. त्याहून थोडी वाळू टाकली तर चिकणमाती तिच्या कणांच्या फटीत भरून बसते आणि वाळल्यावर माती पूर्वीपेक्षा कठीण होते. जिप्समचाही असाच आग्रह झाला. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यासारख्या, सोडियममुळे चोपण झालेल्या जमिनीत जिप्सम उपयोगी पडतो. आमच्या माती तपासणीत विनिमययोग्य सोडियम कमी आहे, त्यामुळे इथे त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही. काळ्या मातीची कणरचना सुधारण्याचा भरवशाचा मार्ग सेंद्रिय पदार्थ हाच आहे, आणि पाण्याचा प्रश्न जमिनीचा आकार बदलूनच सोडवावा लागेल.

१० जून २०२२

गादीवाफे तयार झाले. एका वाफ्याच्या मध्यापासून पुढच्या वाफ्याच्या मध्यापर्यंत १.८ मीटर अंतर, माथा ९० सेंटिमीटर रुंद आणि उंची ३५ सेंटिमीटर ठेवली आहे. पावसाने आणि स्वतःच्या भाराने ती २५ ते ३० वर येऊन स्थिरावेल. सऱ्यांना शंभर मीटरला सुमारे अर्धा मीटर उतार दिला आणि त्या सर्व खालच्या आडव्या चरात सोडल्या. तो चर नाल्याला मिळतो. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. सोयाबीनचे रुंद वरंबा सरी यंत्र याच तत्त्वावर चालते, आणि आमच्याच तालुक्यातील वायगावची हळद काळ्या जमिनीत चांगली येते त्यामागेही हळद लावणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पाण्याच्या निचऱ्याची समज आहे.

वाफ्यांवर हिरवळीच्या खतासाठी बोरू पेरला. फुलोऱ्याआधी तो मातीत गाडायचा आहे.

२२ जुलै २०२२

रोपवाटिका. ‘यूसी १५७’ हे कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेले, उष्ण हवामानात टिकणारे संकरित वाण घेतले. बियाचे आवरण कठीण असल्याने ते दिवसभर कोमट पाण्यात भिजवून ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची प्रक्रिया केली आणि कोकोपीट व गांडूळ खताने भरलेल्या खोल ट्रेमध्ये टोकले. उगवण संथ असते. २५ ते ३० अंश तापमानातही दोन ते तीन आठवडे लागतात.

विकत मिळणाऱ्या वर्षभराच्या गड्ड्यांऐवजी बियांपासून रोपे करण्याचे कारण मर रोग हे आहे. फ्युजॅरियम बुरशी गड्ड्यांबरोबर वावरात येते आणि एकदा आली की जात नाही. बियांच्या मार्गाने एक हंगाम उशीर होतो, तो मला मान्य आहे.

३० ऑगस्ट २०२२

बोरू गाडला. झडीच्या दिवसांत वाफ्यांचे माथे सऱ्यांपेक्षा लवकर वाफशावर आले. बोटांनी माती मोकळी होत होती, तेव्हा सरीत पाय रुतत होता.

१४ ऑक्टोबर २०२२

लावणी केली. वाफ्याच्या मध्यावर १० ते १२ सेंटिमीटर खोल चर काढून त्यात ४० सेंटिमीटरवर रोपे बसवली. हलक्या जमिनीत गड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल बसवतात, कारण तिथे वरचा थर लवकर सुकतो आणि तापतो. आपल्याकडे तेवढे खोल गेले तर गड्डा नेमका हवा कमी असलेल्या थरात सापडतो आणि कोंबाला वर येताना जड मातीशी झगडावे लागते. चर एकदम बुजवलेला नाही. रोपे वाढतील तशी कंपोस्ट मिसळलेली माती टप्प्याटप्प्याने ओढायची आहे. सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत चराच्या तळाशी, कुजलेल्या शेणखतात कालवून दिले. स्फुरद मातीत जागचे हलत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत तर ते लवकर अडकून पडते, त्यामुळे मुळांच्या वाटेत ते पोहोचवण्याची ही एकमेव संधी होती.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरले. कच्च्या खतातून हुमणी येते, आणि हुमणीमागे रानडुकरे येतात. वावराला झटका मशीनचे तारकुंपण लावून घेतले.

लावणी ऑक्टोबरात करण्यामागे विचार असा आहे की रोपाला भारी जमिनीतला पहिला पावसाळा पाहण्याआधी आठ महिने मुळे पसरायला मिळावेत. जूनमध्ये लावलेले कोवळे रोप झडीत सापडले असते.

१७ जानेवारी २०२३

वाढ चालू आहे. तुषार नको, ठिबकच बरे. पाला कोरडा राहतो.

२६ एप्रिल २०२३

पारा ४३ अंशांवर गेला आहे. कोंब निघताच त्याचे टोक उलगडते आणि बारीक, बडीशेपेसारखा पाला होतो. यंदा काहीच तोडायचे नसल्याने त्याची चिंता नाही. जेवढा पाला, तेवढा मुळ्यांतला साठा. भेगांकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. काळी माती आकसताना रुंद भेग पाडते आणि त्या भेगेत येणारी साठवण मुळी ताणली जाऊन तुटते. तुटलेली मांसल मुळी पुन्हा तशी वाढत नाही आणि जखमेतून बुरशी शिरते. वाफ्यांवर सोयाबीनच्या कुटाराचे चार बोटे जाड आच्छादन आहे, त्याखाली भेगा केसाएवढ्याच आहेत. कडेला जिथे वाऱ्याने कुटार उडाले तिथे त्या बोटभर रुंद झाल्या आहेत. उडालेल्या जागी पऱ्हाटीचा भुगा टाकून वर जुने शेडनेट अंथरले. ठिबक रोज थोडे देण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड खोल भिजेल असे देत आहोत, म्हणजे मुळे वरच्या थरातच घुटमळणार नाहीत.

भारी जमिनीचा लाभही याच दिवसांत दिसतो. शेजारच्या बरड, हलक्या वावरातील भाजीपाला दुपारी माना टाकतो. इथे पाला ताठ उभा असतो.

१९ जुलै २०२३

दोन दिवस संततधार आहे. सऱ्या पाण्याने वाहत आहेत आणि चर ते नाल्यात टाकतो आहे. वाफ्यांच्या माथ्यावर पाणी थांबलेले नाही. पाऊस थोडा उघडताच दोन ठिकाणी कडेने माती उकरून मुळ्या पाहिल्या. वरच्या भागातील मुळ्या पांढऱ्या व टणक आहेत. खालच्या टोकाला, जिथे चरात काडीकचरा अडकून पाणी तुंबले होते, तिथल्या काही मुळ्यांची साल पोकळ नळीसारखी सुटून येते आणि आतले गर पाणचट झाले आहेत. एवढ्या थोड्या काळाच्या तुंबण्याचा हा परिणाम आहे.

कारंजा घाडगेला संत्र्याचा बगीचा असणारे मामा आले होते. त्यांनी मुळी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "हे आमच्या डिंक्याच्याच घरचं दुखणं दिसते बापू. झाडाले पाणी नाही मारत, थांबलेलं पाणी मारते. चर आधी मोकळा कर, औषध मंग पाह्यजो." संत्र्यावरील डिंक्या ज्या फायटोफ्थोरा वर्गातील जिवामुळे होतो, त्याच वर्गातील जीव ॲस्परॅगसचे गड्डे आणि कोंब कुजवतात, आणि त्यांच्या बीजाणूंना पोहायला पाणी लागते. मामांचा अनुभव आणि शास्त्र इथे एकाच जागी येऊन थांबतात. चर लगेच मोकळा केला, तोंडाशी जाळी बसवली आणि पावसाळाभर दर सोमवारी चर पाहण्याचे काम नेमून दिले. या पिकात मी ज्या कामाला सर्वांत वरचे स्थान देईन ते हेच. खत एक हप्ता पुढे गेले तर चालते, चर तुंबलेला चालत नाही.

६ सप्टेंबर २०२३

पाला छातीएवढा झाला आहे आणि पावसाच्या भाराने आडवा पडू लागला, म्हणून वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी बांबू ठोकून सुतळ्या ओढल्या. आडव्या पाल्यात वारा खेळत नाही, आणि ओल टिकली की सर्कोस्पोरा बुरशीचे करडे, लालसर कडांचे ठिपके खालून वर चढतात. काही ठिकाणी ते दिसले. ओळी वाऱ्याच्या दिशेने आहेत याचा उपयोग होतो आहे. पाला ऑक्टोबरपर्यंत हिरवा राखणे हे या महिन्याचे एकमेव उद्दिष्ट आहे, कारण पुढच्या कोंबांची जाडी आज पाल्यात तयार होणाऱ्या साखरेवर ठरते.

नर आणि मादी झाडे आता ओळखू येतात. मादीला हिरवी फळे धरली आहेत, ती पुढे लाल होतील. ती पिकून गळण्याआधी खुडून घेत आहोत. नाहीतर त्यांतून उगवणारी रोपे वाफ्यावरचे तणच ठरतात.

२० नोव्हेंबर २०२३

पाणी बंद केले. थंड देशांत हिवाळ्याने पाला वाळतो आणि गड्डा आपोआप विश्रांती घेतो. आपल्याकडे डिसेंबरची थंडी तेवढी कडक नसते, म्हणून पेरू देशासारख्या कोरड्या, उबदार प्रदेशांत करतात तसे पाणी तोडून ती विश्रांती घडवावी लागते. वाळूत पाणी तोडले की पीक लवकर ओळखते. काळी माती मात्र पाणी धरून ठेवते आणि सोडते हळूहळू, त्यामुळे इथे कोंब काढण्याची तारीख मागे मोजून पाणी बरेच आधी बंद करावे लागते. सात-आठ आठवडे लागतील असा अंदाज धरला आहे.

१२ जानेवारी २०२४

पाला पिवळा पडून तांबूस झाला. एका झाडाची साठवण मुळी घेऊन तिच्या रसाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरने पाहिली. संत्र्यासाठी वापरतात तेच उपकरण. न्यूझीलंडमध्ये ‘अस्पायर’ या नावाने मुळीतील साखरेवरून तोडणीचा निर्णय घेण्याची पद्धत उत्पादकांसाठी बसवलेली आहे. ऑगस्टमधील मापापेक्षा आजचे माप स्पष्टपणे वर आहे, म्हणजे पाल्यातील साखर खाली उतरली आहे.

१५ जानेवारी २०२४

वाळलेला पाला जमिनीलगत कापून वावराबाहेर नेऊन जाळला. त्यावर बुरशीचे बीजाणू असतात, म्हणून तो कुजायला वाफ्यावर सोडलेला नाही. जुने कुटार बाजूला सारून वाफ्यांवर चाळलेल्या कंपोस्टचा पाच सेंटिमीटरचा थर दिला आणि ठिबक सुरू केले. हा थर खतासाठी कमी आणि कोंबासाठी अधिक आहे. काळ्या मातीवर पपडी धरली किंवा कोंबाच्या वाटेत ढेकूळ आले की कोंबाच्या एका बाजूची वाढ खुंटते आणि तो त्या बाजूला वाकतो. वाकडा कोंब खायला तसाच असला तरी बाजारात दुसऱ्या प्रतीत जातो.

२९ जानेवारी २०२४

कोंब निघाले. सरळ, टोक घट्ट मिटलेले, बुडाशी फिकट जांभळी छटा. पहिली मूठभर पेंढी पाहून घरातल्या सर्वांना झालेला आनंद इथे नोंदवून ठेवतो, कारण दोन वर्षे या वावरातून काहीच घरात आलेले नव्हते.

सकाळी सूर्य वर येण्याआधी २० ते २५ सेंटिमीटरचे कोंब चाकूने जमिनीलगत कापतो. कोंब तुटल्यावरही श्वसन फार वेगाने चालू राहते, गोडी उतरते आणि बूड चरबट होते, म्हणून कापल्या कापल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करतो आणि पेट्यांत ओल्या गोणपाटावर उभेच ठेवतो. आडवे ठेवल्यास टोके वरच्या दिशेने वळतात. साठवण शून्य ते दोन अंशांत हवी. आम्ही थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ भरून त्याच दिवशी नागपूरला पोहोचवतो.

१३ फेब्रुवारी २०२४

तोडणी थांबवली. गड्ड्याचे वय पाहता दोन आठवड्यांवर नेणे योग्य नव्हते. मागणी होती, तरीही यापुढचा प्रत्येक कोंब पाल्यासाठी सोडला आहे. पूर्ण वाढलेल्या मळ्यात सहा ते आठ आठवडे तोडणी चालते, पण आपल्याकडे मार्च उजाडला की उष्णतेने टोके उलगडू लागतात, त्यामुळे पुढेही जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हीच आपली खिडकी राहील.

युरोपातील उत्पादक भारी जमिनीला दोष देतात त्यातले एक कारण असे की ती वसंतात उशिरा तापते आणि कोंब मागे पडतात. इथे तीच गोष्ट उपयोगी ठरते आहे. आच्छादनाखालची ओलसर काळी माती फेब्रुवारीत सकाळी हाताला गार लागते, आणि बरड जमिनीच्या तुलनेत आपल्याला तोडणीचे काही दिवस त्यामुळे अधिक मिळतील असे वाटते.

२२ ऑगस्ट २०२४

चर स्वच्छ, मुळ्या टणक. गेल्या वर्षी कुजलेल्या खालच्या टोकाची काही झाडे गेली. ती जागा तशीच मोकळी ठेवली आहे. जुन्या ॲस्परॅगसच्या कुजलेल्या मुळ्यांतील द्रव्ये आणि फ्युजॅरियम यांमुळे त्याच खड्ड्यात नवे रोप नीट धरत नाही.

५ मार्च २०२५

दुसऱ्या तोडणीचा हंगाम फेब्रुवारीअखेर संपवला. कोंबांची जाडी गेल्या वर्षीपेक्षा चांगली होती, करंगळीएवढी तर सहज. वाफ्याच्या वरच्या भागातील आणि खालच्या टोकाजवळच्या कोंबांत फरक नजरेला दिसतो, आणि मातीची तपासणी दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी आहे. चिकणमाती तेवढीच, सामू तोच. निराळे आहे ते फक्त पाण्याचे थांबणे. १८ मे २०२२ च्या नोंदीतील धारणेला या वावरापुरता तरी आधार मिळाला आहे.

तैवानमध्ये रूढ असलेली मातृखोडाची पद्धत यंदा दोन वाफ्यांवर घेत आहोत. तिच्यात प्रत्येक गड्ड्यावर तीन ते पाच खोडे पाल्यासाठी वाढू देतात आणि त्यांच्या आधाराने निघणारे पुढचे कोंब तोडत राहतात, म्हणजे पूर्ण विश्रांतीची गरज पडत नाही. काळ्या जमिनीत पाणी तोडून विश्रांती घडवणे जेवढे वेळखाऊ आहे, ते पाहता ही पद्धत आपल्याला अधिक सोयीची ठरू शकते. मात्र पावसाळ्यात ओल्या वाफ्यावर रोज पाय पडून माती दबण्याचा धोका आहे, म्हणून जून ते सप्टेंबर त्या वाफ्यांवरही तोडणी करायची नाही. चालणे फक्त सरीतून, आणि तेही वाफशावर.

लावण वाढवायची ती नाल्याकडे न वाढवता वरच्या धुऱ्याकडे वाढवायची आहे. त्या तुकड्यात तूर निघाली आहे. एप्रिलमध्ये खड्ड्यांची चाचणी, मे महिन्यात सबसॉयलर, जूनमध्ये वाफे आणि बोरू, आणि बियाणे जुलैच्या आधी मागवायचे नाही.